काळाला टोक असतं

बायबलच्या जुन्या करारात एक गोष्ट दोनदा सांगितली आहे. दावीद राजा आपल्या प्रजेची शिरगणती करतो आणि त्यापायी देशावर रोगराई ओढवते. ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकात शिरगणतीची बुद्धी दावीदला खुद्द देव देतो, कारण देव इस्राएलवर रागावलेला आहे. नंतर लिहिल्या गेलेल्या ‘इतिहास’च्या पहिल्या पुस्तकात राजा तोच, शिरगणती तीच, रोगराईही तीच, राजाला फूस लावणारा मात्र बदललेला आहे. तिथे सैतान उभा आहे.

आधी बरं-वाईट सगळं एकाच देवाच्या पदरी होतं आणि मधल्या काळात कुणीतरी वाइटाचं खातं वेगळं काढलं, असं दिसतं. हा मधला काळ कोणता? इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या राजाने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त करून ज्यूंना धरून नेलं. इ.स.पू. ५३९मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतलं आणि त्यांना घरी परतायची मोकळीक दिली. ज्यू इतके भारावले, की यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सायरसला चक्क ‘अभिषिक्त’, म्हणजे मसीहा म्हटलं आहे. परक्या राजाला ही पदवी बायबलमध्ये दुसऱ्यांदा मिळालेली नाही. पुढची दोनशे वर्षं ज्यू इराणी साम्राज्याची प्रजा होते. आणि या इराण्यांकडे वाइटाचं खातं आधीपासूनच वेगळं होतं, वेगळ्या मालकाच्या नावावर.

तो धर्म झरथुष्ट्राचा. आज त्याचे जगभरचे अनुयायी सव्वा लाखाच्या आसपास भरतात, म्हणजे एका सातारा शहराएवढे. उलट मेल्यानंतरचा न्यायनिवाडा, स्वर्ग आणि नरक, जगाचा अंत, मेलेल्यांचं पुन्हा उठणं, शेवटी येणारा तारणहार या गोष्टी मानणारी माणसं पृथ्वीवर निम्म्याहून अधिक आहेत. या साऱ्या कल्पना एका साखळीत ओवलेल्या पहिल्यांदा दिसतात त्या बहुधा इथेच.

झरथुष्ट्र कधी झाला यावर विद्वान अजून भांडतात. भाषेच्या पुराव्यावरून इ.स.पू. १५०० ते १००० हा काळ बहुतेकांना पटतो, आणि मुलूख इराणच्या पूर्वेचा, मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्याकडचा. त्याची स्वतःची म्हणावीत अशी १७ सूक्तं उरली आहेत. त्यांना गाथा म्हणतात. त्यांत शहरं नाहीत, नाणी नाहीत. गाई आहेत, कुरणं आहेत, गुरं पळवणारे लुटारू आहेत. एका सूक्तात तो अहुर मज्दाला, म्हणजे त्या सर्वज्ञ प्रभूला, एकापाठोपाठ एक प्रश्न विचारत सुटतो: सूर्यताऱ्यांची वाट कुणी आखली, चंद्र कुणामुळे वाढतो आणि घटतो, खाली पृथ्वी आणि वर आकाश कुणी तोलून धरलं आहे, वाऱ्याला आणि ढगांना वेग कुणी जुंपला. आणि याच सूक्तात थोडं पुढे गेल्यावर तो विचारतो, की कबूल केलेल्या दहा घोड्या, त्यांच्यासोबतचा घोडा आणि एक उंट मला मिळणार ना? विश्वाचं कोडं आणि दक्षिणेची थकबाकी, दोन्ही एका दमात. पेशाने तो पुरोहितच होता. मला हा माणूस इथेच आवडून जातो.

त्याची भाषा वेदांच्या भाषेची सख्खी बहीण आहे. आपल्याकडे सोम, त्यांच्याकडे हओम. आपला यज्ञ, त्यांचा यस्न. आपला मित्र, त्यांचा मिथ्र. एका ठिकाणी मात्र पाटी उलटी फिरलेली दिसते. आपले देव पूज्य आणि असुर वाईट; त्यांच्याकडे अहुर पूज्य आणि दएव वाईट. एकाच घरातली ही भावंडं कधीतरी भांडून वेगळी झाली, अशी एक जुनी उपपत्ती आहे. ती आता तितकीशी मानत नाहीत, कारण ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणालाही ‘असुर’ म्हणून गौरवलेलं आहे. भांडण झालं असो वा नसो, दोघं एका अंगणात वाढली याबद्दल शंका नाही.

झरथुष्ट्राने या अंगणातल्या धर्मात घातलेली भर मात्र भलतीच धाडसी होती. जगाच्या आरंभी दोन शक्ती, दोघींनी आपापली निवड केली. एकीने सत्य निवडलं, दुसरीने असत्य. सत्याला त्यांचा शब्द अश, असत्याला द्रुज. अहुर मज्द पूर्णपणे चांगला आहे. जगातलं दुखणं, मरण, दुष्काळ, खोटेपणा यांतलं काहीही त्याच्याकडून येत नाही. ते येतं अंग्र मैन्यूकडून, ज्याला पुढे अहरिमन म्हणू लागले. इतर एकेश्वरवादी धर्मांना हजारो वर्षं छळणारा प्रश्न, की देव चांगलाही आहे आणि सर्वशक्तिमानही आहे तर लहान मूल तापाने का मरतं, तो इथे उठतच नाही. देव चांगला आहे, आणि त्याची लढाई अजून चालू आहे. संपलेली नाही.

ही लढाई कशी चालते याचा तपशील ‘बुंदहिश्न’ या पहलवी, म्हणजे मध्यकालीन इराणी भाषेतल्या, ग्रंथात आहे, आणि तो वाचताना थक्क व्हायला होतं. काळाची एकूण लांबी १२,००० वर्षं, तीन-तीन हजारांचे चार टप्पे. आपल्याकडे युगं फिरतात. कलीनंतर पुन्हा कृत येतं, आणि या चक्रातून सुटण्याला मोक्ष म्हणतात. इथे काळ फिरत नाही. तो एका टोकापासून निघतो आणि दुसऱ्या टोकाला संपतो. मग हे जग निर्माण कशासाठी केलं? अहरिमनला पकडायला. देवाने सृष्टी केली ती सापळा म्हणून: वाईट आत शिरेल, मुदतीत अडकेल आणि शेवटी त्याची ताकद संपेल. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. माणसांचे आत्मे तेव्हा देहाशिवाय होते. देवाने त्यांना विचारलं, की मी तुम्हाला इथे वरच सुरक्षित ठेवू, का देह धरून खाली जाल आणि लढाल? आत्म्यांनी विचार केला आणि खाली यायला होकार दिला. या हिशेबाने तुम्ही-आम्ही इथे कर्माची फेड करायला आलेलो नाही आणि कुणी शिक्षा म्हणून ढकललेलेही नाही. आपण आपण होऊन आलेले लढवय्ये आहोत.

त्यामुळे या धर्मात उपासतापासाला, देह झिजवण्याला फारसं मोल नाही. शेत पिकवणं, झाड लावणं, पाणी स्वच्छ ठेवणं, संसार करणं, मुलंबाळं वाढवणं ही सगळी आघाडीवरची कामं. कुत्र्याला मान इतका, की ‘वेंदिदाद’ या ग्रंथात त्याच्या खाण्यापिण्याचे, त्याला इजा करणाऱ्याच्या शिक्षेचे नियम सविस्तर दिले आहेत.

मरणाचं चित्रही जवळून पाहण्यासारखं आहे. माणूस गेला की त्याचा आत्मा तीन रात्री देहाच्या उशाशी बसून राहतो. चौथ्या पहाटे वारा सुटतो. चांगल्या माणसाला तो दक्षिणेकडून येतो आणि सुगंधी असतो. त्या वाऱ्यातून पंधरा वर्षांची एक देखणी मुलगी चालत येते. एवढी सुंदर मुलगी आपण कधी पाहिली नाही असं वाटून आत्मा विचारतो, तू कोण? ती सांगते, की मी तुझाच विवेक. तुझे विचार, तुझं बोलणं आणि तुझी कृत्यं यांनी मला असं घडवलं. वाईट माणसाकडे उत्तरेच्या दुर्गंधीतून एक ओंगळ म्हातारी येते, आणि तीही तेच सांगते. मग चिन्वत पूल. भल्या माणसासाठी तो ऐसपैस रुंद होतो, दुष्टासाठी धारेवर उभ्या केलेल्या पात्यासारखा अरुंद. ज्याचं बरं आणि वाईट अगदी समसमान भरतं, त्याच्यासाठीही सोय आहे. तो मधल्या एका जागी थांबतो, जिथे सुख नाही आणि उन्हाथंडीपलीकडचं दुःखही नाही. बारीकसारीक हिशेब ठेवणाऱ्या डोक्यालाच हे सुचू शकतं.

पण नरक कायमचा नाही, आणि माझ्या मते या धर्माची थोरवी इथे आहे. काळाच्या शेवटी सोश्यंत हा तारणहार येईल. सीस्तानच्या सरोवरात झरथुष्ट्राचं बीज राखून ठेवलेलं आहे. त्यात स्नान करणाऱ्या कुमारिकेच्या पोटी तो जन्मेल. मेलेले सगळे उठतील. मोठेपणी गेलेल्यांना चाळिशीचा देह मिळेल, लहानपणी गेलेल्यांना पंधरा वर्षांचा. डोंगरांतला धातू वितळून त्याची नदी वाहू लागेल आणि प्रत्येकाला तीतून चालत जावं लागेल. भल्यांना ती कोमट दुधासारखी लागेल. दुष्टांना ती भाजेल, पण भाजून शुद्ध करेल, आणि तेही बाहेर येतील. मग बाप मुलाला, भाऊ भावाला भेटेल. नरकाची जागा स्वच्छ होऊन जगातच मिळवली जाईल. पुढे आलेल्या धर्मांनी यातलं पुष्कळ उचललं. ही शेवटची उदारता मात्र सगळ्यांना झेपली नाही.

उचललं असं म्हणताना जरा थांबायला हवं. ‘बुंदहिश्न’ आज आहे त्या रूपात नवव्या शतकात सिद्ध झाला, इस्लाम इराणात येऊन दोन शतकं उलटल्यावर. मग कुणी कुणाचं घेतलं, असा प्रश्न शंकेखोर विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याला एक भक्कम उत्तर ग्रीकांकडे मिळतं. प्लुटार्कने इ.स. १००च्या आसपास मागांचं, म्हणजे इराणी पुरोहितांचं मत नोंदवताना तीन-तीन हजार वर्षांचे टप्पे सांगितले आहेत आणि शेवटी पाताळ हरून माणसं सुखी होतील असंही म्हटलं आहे. त्यासाठी तो इ.स.पू. चौथ्या शतकातल्या थिओपोम्पसचा हवाला देतो. म्हणजे सांगाडा जुना आहे. दुसरा धागा ‘तोबित’ या ज्यू कथेत सापडतो. तिचा बराचसा भाग घडतो मीडियातल्या एकबताना आणि रागा या इराणी शहरांच्या परिसरात, आणि तिच्यातल्या राक्षसाचं नाव अस्मोदेअस, जो अवेस्तातला, म्हणजे झरथुष्ट्री धर्मग्रंथातला, क्रोधाचा दएव अएश्म असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. बोटाचा ठसाच म्हणायचा हा. बाकीचा प्रभाव असा ठसा सोडून गेलेला नाही. विरजण दह्यात शोधू गेलं तर सापडत नाही. दूध दूध राहिलं नाही एवढंच दिसतं.

आता इराणच्या इतिहासाकडे वळू, कारण या धर्माचं राजसत्तेशी नातं वाटतं तितकं सरळ नाही.

सायरसचं जे मातीचं प्रसिद्ध नळकांडं १८७९ साली बाबिलोनमध्ये सापडलं आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ते जेमतेम वीतभर लांबीचं आहे. त्यात सायरस सांगतो, की मला निवडलं ते मार्दुकने, म्हणजे बाबिलोनच्या देवाने. अहुर मज्दाचं नाव त्यात नाही. ज्या गावी जावं तिथल्या देवाचं गाणं गावं, हे राजकारण त्याला उत्तम साधलं होतं.

त्याच्या पुढच्या काळातला सम्राट दारियस याचा सूर वेगळा. पश्चिम इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर, जमिनीपासून शंभरेक मीटर उंच, त्याने आपला पराक्रम तीन भाषांत कोरून ठेवला. शिल्पात दारियस एका माणसाच्या छातीवर पाय देऊन उभा आहे; दारियसच्या म्हणण्याप्रमाणे हा सायरसचा मुलगा म्हणून मिरवणारा तोतया. समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर राजे रांगेने उभे आहेत. वर अहुर मज्द. राजांच्या नावांशेजारी त्यांचा गुन्हा लिहिला आहे, आणि तो बंडखोरी असा लिहिलेला नाही. हा खोटं बोलला, असं लिहिलं आहे. राजद्रोहाला असत्य म्हणणं ही झरथुष्ट्राच्या मुलखातलीच भाषा. हेरोडोटसही नोंदवतो, की इराणी लोक मुलांना पाच ते वीस वर्षं वयात तीनच गोष्टी शिकवतात, घोड्यावर बसणं, बाण मारणं आणि खरं बोलणं. गंमत अशी, की दारियसच्या पायाखालचा तो तोतया खरोखर तोतया होता का, का तो सायरसचा खराच मुलगा होता आणि कड्यावरची सर्वांत मोठी थाप दारियसचीच आहे, याची शंका अनेक इतिहासकारांना आहे.

या सम्राटांच्या एकाही शिलालेखात झरथुष्ट्राचं नाव येत नाही. त्यांची राजधानी पर्सेपोलिस, तिच्या तटबंदीत १९३३ साली मातीच्या पाट्या सापडल्या. त्या दारियसच्या कारकिर्दीतल्या, सरकारी कोठीच्या जमाखर्चाच्या पाट्या आहेत. कुठल्या देवाच्या पूजेला किती जव आणि किती दारू दिली याच्या नोंदी त्यांत आहेत. अहुर मज्दाचं नाव आहे, पण एलामच्या हुम्बान या जुन्या देवाला त्याच्याहून जास्त शिधा जातो. शिलालेखांतून धर्माची एक बाजू कळते आणि कोठीच्या हिशेबातून दुसरी. मला विचाराल तर कोठीवर जास्त भरवसा ठेवावा.

इ.स.पू. ३३०मध्ये सिकंदराने पर्सेपोलिस जाळलं. ग्रीकांचा हा महान वीर झरथुष्ट्री परंपरेत ‘शापित सिकंदर’ म्हणून ओळखला जातो. पुढे पार्थियन आले, गेले. इ.स. २२४मध्ये सासानी घराणं आलं आणि मग मात्र हा धर्म राजधर्म झाला. सासानी चांदीचं नाणं हातात घेतलं की सगळं कळतं. एका बाजूला अवजड मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला पेटतं अग्निकुंड आणि त्याच्या दोन बाजूंना उभे दोन रक्षक. चारशे वर्षं राजे बदलले, मुकुट बदलले, अग्नी नाण्यावरून हलला नाही. तोपर्यंत पुरोहितांच्या मुखात असलेली अवेस्ता याच काळात खास तयार केलेल्या लिपीत उतरवली गेली. परंपरा सांगते, की तिचे एकूण २१ भाग होते. आज हाती उरलं आहे ते त्यातलं पावएक.

राजाश्रयाने जे होतं ते इथेही झालं. तिसऱ्या शतकातला महापुरोहित कर्तीर आपल्या शिलालेखात अभिमानाने सांगतो, की साम्राज्यात ज्यू, बौद्ध श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती यांना मी तडाखे दिले. याच सुमारास मानी हा नव्या धर्माचा संस्थापक तुरुंगात मेला. पारशांच्या सौम्यपणाची आपल्याला इतकी सवय आहे, की हा कर्तीर वाचताना दचकायला होतं. हातात सत्ता असताना हा धर्म इतर राजधर्मांपेक्षा फार वेगळा वागला नाही.

मग अरब आले. ६४२मध्ये सासानी नहावंदची लढाई हरले. शेवटचा राजा यज्दगर्द पूर्वेकडे पळत राहिला आणि ६५१मध्ये मर्वजवळ मारला गेला. त्याचा मुलगा पेरोझ थेट चीनच्या तांग दरबारात आश्रयाला गेला. इराण एका रात्रीत मुसलमान झाला नाही. त्याला दोन-तीन शतकं लागली. जे राहिले ते हळूहळू यज्द आणि किरमानच्या वाळवंटी मुलखात सरकले. तिथे जिझिया होता, घोड्यावर बसायला मनाई होती, आणि घरातला एक जण मुसलमान झाला की साऱ्या कुटुंबाच्या मालमत्तेवर त्याचा हक्क पोचे. १८५४मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठवलं, तेव्हा त्या साऱ्या मुलखात मिळून सात-आठ हजार झरथुष्ट्री उरले होते. माणेकजी मूळचे सुरतेचे. त्यांनी शाळा काढल्या, पडकी देवस्थानं दुरुस्त केली आणि इराणच्या काजार दरबारात जिझिया उठवण्यासाठी खेटे घातले. जिझिया उठला १८८२मध्ये. तब्बल २८ वर्षं लागली. त्या हलाखीतून सुटून जे मुंबईला आले, त्यांतल्या अनेकांनी कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकानं टाकली. ब्रून मस्का खाताना आपण ज्यांना ‘इराणी’ म्हणतो ते हे.

आणि तरी इराणने हा धर्म टाकला असं म्हणता येत नाही. आज तेहरानमधल्या कुठल्याही सरकारी कागदावरची तारीख पाहा. महिन्यांची नावं फरवर्दीन, ओर्दीबेहेश्त, खोर्दाद, मोर्दाद, बहमन. ही सगळी झरथुष्ट्री दिव्यशक्तींची नावं आहेत. बहमन म्हणजे अवेस्तातला ‘वोहु मन’, चांगलं मन. १९२५मध्ये हे पंचांग अधिकृत झालं आणि १९७९च्या इस्लामी क्रांतीनेही ते बदललं नाही. क्रांतीचा विजयदिनच मुळी २२ बहमन म्हणून साजरा होतो. वर्ष सुरू होतं ते वसंतसंपाताच्या क्षणी, नवरोजला. इराणच्या राज्यघटनेने झरथुष्ट्रींना मान्यता दिली आहे आणि संसदेत त्यांची एक जागा राखीव आहे.

पारशांचं संजाणला येणं, राजाशी झालेलं बोलणं हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. दुधात साखरेची गोष्ट मात्र १५९९मध्ये लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. त्यांनी स्थापलेला अग्नी, इराणशाह, संजाण पडल्यावर बारा वर्षं बहारोटच्या डोंगरातल्या गुहांत लपवून ठेवला होता. हा डोंगर आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात आहे. तिथून वांसदा, नवसारी, सुरत अशी वणवण करून तो १७४२मध्ये उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तिथेच तेवतो आहे.

असा सर्वोच्च दर्जाचा अग्नी, आतश बेहराम, कसा सिद्ध होतो हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यासाठी सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करावे लागतात: कुंभाराच्या भट्टीचा, सोनाराचा, लोहाराचा, भटारखान्याचा, राजवाड्याचा, टाकसाळीचा, वीज पडून लागलेल्या आगीचा आणि चितेचाही. देह अग्नीला देणं हे त्यांच्या मते पाप; पण त्या पापात सापडलेला अग्नीही सोडवून घ्यायचा. चितेच्या अग्नीवर थोड्या अंतरावर, न टेकवता, चंदनाच्या ढलप्यांची भोकं पाडलेली पळी धरतात. नुसत्या धगीने चंदन पेटलं की तो नवा अग्नी. त्याच्यावर पुन्हा पळी. चितेच्या अग्नीसाठी हे ९१ वेळा करतात. मग सोळाही शुद्ध अग्नी एकत्र येतात. हे काम वर्षभर चालू शकतं. भारतात असे आठ आतश बेहराम आहेत, त्यांतले चार मुंबईत. इराणात एक, यज्दला.

युरोपला या धर्माची ओळख झाली तीही आपल्याच किनाऱ्यावरून. आंकेतिल दुपेराँ या फ्रेंच तरुणाने १७५४मध्ये पॅरिसला ‘वेंदिदाद’च्या चार पानांची नक्कल पाहिली. ती कुणालाच वाचता येत नव्हती. तो उठला आणि भारतात आला. सुरतेला दस्तूर दाराब यांच्याकडे शिकला आणि १७७१मध्ये अवेस्ताचं पहिलं युरोपीय भाषांतर छापलं. विल्यम जोन्सने त्याची यथेच्छ टवाळी केली. असलं रुक्ष लिखाण झरथुष्ट्रासारख्या ज्ञात्याचं असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात जोन्स चुकला होता. पुढे १८५९ ते १८६६ पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाऊग या जर्मनाने गाथा वेगळ्या ओळखल्या आणि झरथुष्ट्राचे स्वतःचे शब्द ते एवढेच, असं मांडलं. त्याचे निबंध १८६२ला मुंबईत छापले गेले. देव आणि असुरांच्या भांडणाची उपपत्ती याचीच. सोम आणि हओम यांचा संबंध लावायचा म्हणून त्याने पुण्यात सोमरस काढवून घेऊन चाखलाही, आणि चव भयंकर असल्याचं लिहून ठेवलं. संशोधन असं करावं.

२०११च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी होते. २००१मध्ये ते ६९,६०१ होते. गिधाडांनाही असाच उतार लागला. गुरांना टोचल्या गेलेल्या डायक्लोफेनॅकने ती संपत आली आणि देह गिधाडांच्या हवाली करण्याची डुंगरवाडीतली अंत्यविधीची जुनी रीत अडचणीत आली. उपाय काय, यावर समाजात तीव्र मतभेद आहेत. तो त्यांच्या घरचा प्रश्न. बाहेरच्याने त्यात सल्ले देऊ नयेत.

वाचकाला सांगायचं एवढंच, की हे सगळं पुस्तकात वाचून सोडू नका. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. त्यांतल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात, बौद्ध भिक्षूंच्या त्या विहारात, पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या झरथुष्ट्रींनी आपली नावं आणि तारखा त्यांत लिहून ठेवल्या आहेत, आपल्या यज्दगर्दी सनासकट. पहिला लेख कोरला गेला तेव्हा तिकडे तूस शहरात फिर्दौसी ‘शाहनामा’ पुरा करत आणत होता. तो संपला १०१०मध्ये. अक्षरं बारीक आणि उभ्या ओळींत आहेत, चटकन दिसत नाहीत, तेव्हा सकाळच्या उजेडात जा. सोमवारी उद्यान बंद असतं.